नऊशेपैकी तीनशे वीस: एनडीएचे गुण कसे वाचायचे

एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेश परीक्षेचा रविवार असला की संध्याकाळी सहापासून माझा फोन वाजायला लागतो. "सर, नऊशेपैकी तीनशे वीस पडतील म्हणतोय. म्हणजे गेलंच की हो सगळं!" बोर्डात पस्तीसला काठावर पास आणि नव्वदला पेढे, हे गणित ज्या घरात पक्कं बसलंय तिथे साडेपस्तीस टक्के ऐकून चेहरे पडणारच. मग मी विचारतो, "गणितात किती आणि जीएटीत किती?" लेखीचे हे दोन पेपर. पलीकडे शांतता. एकूण किती पडले एवढंच घराला माहीत असतं. आणि एनडीएत नुसत्या एकूण गुणांवरून काहीच कळत नाही.

मी सातारा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. निवृत्तीनंतर घरी येणाऱ्या पोरांना फुकट सल्ला देतो. आमच्याकडे फौजेचं वेड जुनं आहे, अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. जवान म्हणून भरती कशी व्हायची हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. अधिकारी व्हायची वाट मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते. खडकवासला साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर, पण परीक्षेचा तक्ता समोर ठेवला की तो चिनी भाषेत छापल्यासारखा वाटतो. तो तक्ता कसा वाचायचा, तेवढंच इथे सांगतो. अभ्यास कसा करायचा हा विषय वेगळा.

आधी एकूण मांडणी

संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावी झालेले किंवा बारावीत असलेले. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी लष्करासाठी बसू शकतो. हवाई दल आणि नौदलाला मात्र बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही परीक्षा खुली झाली आणि खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे पुढे 'मुलगा' लिहिलं असेल तिथे मुलगीही धरा.

एकूण गुण १८००. त्यातले ९०० लेखी परीक्षेचे, ९०० एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतीचे. लेखीत सकाळी गणित: १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. दुपारी जनरल अ‍ॅबिलिटी टेस्ट, म्हणजे जीएटी: १५० प्रश्न, ६०० गुण, पुन्हा अडीच तास. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते.

इथे थोडं थांबा. आपल्याकडे एनडीए म्हटलं की लगेच गणिताची शिकवणी लागते. मीही गणितवालाच, माझं पोट त्यावरच चाललं, तरी सांगतो: गणित तीनशेचं आहे आणि जीएटी सहाशेचं. जीएटीत इंग्रजी २००. उरलेल्या ४०० मध्ये फिजिक्स १००, केमिस्ट्री ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास ८०, भूगोल ८०, चालू घडामोडी ४०. इतिहास आणि भूगोल मिळून १६० होतात, म्हणजे गणिताच्या निम्म्याहून जास्त. दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक रद्दीत घालणाऱ्या सायन्सच्या पोरांना हा आकडा मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवतो.

परीक्षेच्या रात्रीचा हिशेब

प्रश्नपुस्तिका घरी आणता येते, हा मोठा फायदा. हॉलमध्येच पुस्तिकेत प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची सवय लावा. खात्रीचं असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकून मारलेलं असेल तर प्रश्नचिन्ह, सोडलेलं असेल तर रिकामं. ओएमआर शीटवर काय काळं केलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पोरं शपथेवर सांगतात की आठवतं, पण नाही आठवत.

गुणांचा नियम सोपा आहे. गणितात बरोबर उत्तराला २.५, चुकीला ०.८३ वजा. जीएटीत बरोबरला ४, चुकीला १.३३ वजा. म्हणजे चुकीला एक तृतीयांश कापतात. सोडलेल्या प्रश्नाला शून्य.

वडूजचा एक मुलगा अशीच खुणांनी भरलेली पुस्तिका घेऊन आला होता. आम्ही जेवणाच्या टेबलावर ती पसरली. गणितात सोडवलेले ६०, बरोबर ४५, चूक १५. बरोबरचे ११२.५, त्यातून चुकांचे १२.५ गेले, हाती राहिले १००. जीएटीत सोडवलेले ९५, बरोबर ६५, चूक ३०. बरोबरचे २६०, चुकांचे ४० गेले, राहिले २२०. बेरीज ३२०. वर सांगितलेला फोन त्याच्याच आईचा.

त्याच्याबरोबर त्याचा मित्र आला होता, तो जास्त खुशीत. "सर, मी मॅथ्सचे शंभर अटेम्प्ट केले!" मोजले तर त्याचेही बरोबर ४५ च निघाले. चूक ५५. म्हणजे ११२.५ मधून ४५.८ वजा, उरले ६६.७. चाळीस प्रश्न जास्त सोडवून तेहेतीस गुण कमी. त्याला हे पटेना, त्यानं कॅल्क्युलेटर काढून तीनदा केलं.

उत्तरसूचीबद्दल एक सूचना. रात्रीच क्लासवाल्यांच्या उत्तरसूच्या फिरायला लागतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जीएटीचं एक उत्तर बरोबरचं चूक ठरलं की चार गुण मिळायचे राहतात, वर १.३३ कापले जातात, म्हणजे ५.३३ चा फटका. तीन उत्तरं फिरली की सोळा गुण गेले. म्हणून आलेल्या बेरजेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस गुण सोडून विचार करा. ३२० म्हणजे ३०० ते ३४० मधलं काहीतरी.

ठोकताळा कधी मारायचा

हा प्रश्न दर परीक्षेला येतो आणि क्लासमध्ये त्याला 'अजिबात मारू नका' किंवा 'सगळे मारून या' अशी दोनच उत्तरं मिळतात. दोन्ही चूक. आपण करून बघू.

चार पर्याय आहेत आणि काहीच येत नाही. गणितात चारपैकी एकदा २.५ मिळतील, तीनदा ०.८३ जातील. अडीच मिळाले, अडीच गेले. डोळे मिटून मारलेल्या उत्तराची सरासरी किंमत बरोबर शून्य, आयोगानं दंड तसाच बेतलाय. आता एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं. उरले तीन. तीनदा असं केलं तर एकदा २.५ मिळतील आणि दोनदा मिळून १.६७ जातील, म्हणजे तीन प्रश्नांत ०.८३ चा नफा. दोन पर्याय उडवता आले तर नफा प्रत्येक प्रश्नाला ०.८३, आणि जीएटीत १.३३.

म्हणून माझा नियम असा. दोन पर्याय खोडता आले तर मारायचंच. एक खोडता आला तर जीएटीत मारायचं, गणितात वेळ बघून. एकही खोडता येत नसेल तर पुढे जायचं. सरासरी शून्य असली तरी नशिबाचा झोका दोन्हीकडे जातो, आणि गणितात काठावर असलेल्या मुलाला उलटा झोका परवडत नाही. का परवडत नाही, ते आता येतंय.

दोन उंबरठे, एकामागे एक

लेखीत पहिला उंबरठा प्रत्येक विषयाचा वेगळा असतो. गणितात आणि जीएटीत स्वतंत्रपणे किमान टक्केवारी मिळवावी लागते. ती आयोग ठरवतो. अलीकडच्या वर्षांत ती कधी २५ टक्के होती, कधी २० टक्के. २५ धरली तर गणितात ७५ आणि जीएटीत १५० हवेत. २० धरली तर ६० आणि १२०.

त्या मित्राचे ६६.७ आठवा. २० टक्क्यांच्या परीक्षेत तो गणितात तरेल, २५ च्या परीक्षेत बुडेल. मग त्याचे जीएटीत चारशे का असेनात, एकूण बेरीज पहिल्या मुलापेक्षा दीडशेनं जास्त का भरेना, कुणी विचारणार नाही. आर्ट्सची हुशार मुलं इथेच अडकतात. त्यांना मी सांगतो की गणितात दीडशेचं स्वप्न बघू नका. मॅट्रिक्स-डिटरमिनंट, त्रिकोणमिती, संख्याशास्त्र आणि संभाव्यता एवढं पक्कं करून नव्वदचा पल्ला गाठा आणि बाकी सगळा जोर जीएटीवर लावा. किती टक्के लावणार हे आधी कळत नाही, म्हणून तयारी २५ धरूनच करायची.

दुसरा उंबरठा एकूण लेखी गुणांचा, ज्याला सगळे कटऑफ म्हणतात. दोन्ही विषयांचं किमान मिळवून ७५ आणि १५० म्हणजे २२५ होतात, पण कटऑफ तिथे थांबत नाही, वर जातो. किती वर, हे पेपर किती अवघड निघाला यावर अवलंबून असतं. २०१७ च्या दुसऱ्या परीक्षेत लेखीचा कटऑफ २५८ होता. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत तो ३६० वर गेला. २०२३ च्या दुसऱ्या परीक्षेत खाली येऊन २९२ झाला. सगळे नऊशेपैकीच.

वडूजच्या मुलाचे ३२० या तीन परीक्षांशी ताडून बघा. २०१७ ला तो आरामात आत आहे. २०२३ ला आत आहे. २०२२ ला चाळीस गुणांनी बाहेर. गुण तेच, मुलगा तोच. म्हणून 'तीनशे वीस चांगले का वाईट' या प्रश्नाला पेपर बघितल्याशिवाय उत्तर नाही. त्या रात्री मुलाला एकच विचारा: मागच्या वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवलेस तेव्हा किती पडायचे? तिथे ३५० पडायचे आणि आज ३२० असतील तर पेपर सगळ्यांनाच जड गेलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे २८० पडायचे आणि आज ३२० असतील तर फार हुरळू नका, कदाचित पेपरच सोपा होता आणि कटऑफही चढेल.

एक वजाबाकी

ही माझ्या वहीतली गोष्ट आहे. आयोग असं कुठे लिहीत नाही, पण आकडे आयोगाचेच आहेत. प्रत्येक परीक्षेचे दोन कटऑफ जाहीर होतात: लेखीचा, आणि अंतिम यादीतल्या शेवटच्या उमेदवाराचा, जो १८०० पैकी असतो. वरच्या तीन परीक्षांचे अंतिम आकडे अनुक्रमे ६२४, ७२० आणि ६५६.

अंतिममधून लेखी वजा करा. ६२४ वजा २५८, उत्तर ३६६. ७२० वजा ३६०, उत्तर ३६०. ६५६ वजा २९२, उत्तर ३६४.

लेखीचा कटऑफ शंभरानं वरखाली झाला आणि हा फरक जेमतेम सहानं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं. तिनं "बरं" म्हटलं आणि ती गेली. पण यातून बरंच कळतं. यादीतला शेवटचा उमेदवार लेखीत कटऑफच्या खाली असूच शकत नाही, तेव्हा त्याला एसएसबीत ३६० च्या आसपास किंवा त्याहून कमीच गुण असणार. आणि जो लेखीत बरोबर कटऑफवर होता त्याला यादीत यायला किमान तेवढे लागलेच. वर्षानुवर्षं आकडा तिथेच घुटमळतोय, म्हणजे एसएसबीत शिफारस मिळालेल्याचे गुण साधारण ३६० पासून, नऊशेच्या चाळीस टक्क्यांपासून, सुरू होतात असं मी धरतो.

याचा उपयोग असा. लेखीत काठावर सुटलेला आणि एसएसबीत काठावर शिफारस झालेला मुलगा यादीच्या तळाशी असतो. वडूजच्या मुलाला ३६५ मिळाले तर बेरीज ६८५. २०२३ च्या दुसऱ्या यादीच्या तळापेक्षा २९ नं वर. यातले २८ गुण त्यानं एसएसबीत नाही, रविवारी सकाळ-दुपारच्या पेपरात कमावले. लेखी म्हणजे नुसतं एसएसबीचं तिकीट समजून जे कटऑफपुरता अभ्यास करतात, ते इथे पस्तावतात. लेखीचे गुण तिकीट फाडल्यावरही बरोबर येतात.

एसएसबी: दिसत नसलेले गुण

लेखीचा निकाल लागतो तेव्हा फक्त रोल नंबरांची यादी येते, गुण दिसत नाहीत. ते सगळं संपल्यावर, अंतिम निकालानंतर दिसतात. म्हणजे मुलगा एसएसबीला जातो तेव्हा आपल्या खिशात नक्की किती आहेत हे त्याला माहीत नसतं, परीक्षेच्या रात्रीची ती वहीच काय ती. नापास झालो या समजुतीत निकालाकडे न बघणारीही पोरं असतात. निकाल लागल्यावर दोन आठवड्यांत लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती राहिली तर पुढचं सगळं राहिलं.

एसएसबीचे पाच दिवस. पहिला दिवस चाळणीचा. त्यात ओआयआर, म्हणजे बुद्धिमापनाची चाचणी, आणि पीपीडीटी, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. दोन्हीचा मिळून निर्णय होतो आणि गाळलेली मुलं संध्याकाळी सामान उचलून परत निघतात. त्याला सगळीकडे 'स्क्रीन आउट' म्हणतात.

अभियोग्यता चाचणी या शब्दाला खरी जागणारी ही ओआयआर. सांकेतिक शब्द, अंकमाला, नातेसंबंध, फिरवलेल्या आकृत्या, फाशाच्या बाजू. एकेक प्रश्न आठवीतल्या मुलाला जमेल असा, पण वेळ अगदी तुटपुंजा. हिचा निकाल मुलाला सांगत नाहीत. एक ते पाच अशी श्रेणी लागते, एक सगळ्यात वरची. स्कॉलरशिपच्या परीक्षेची पुस्तकं घरात पडली असतील तर तीच काढा आणि घड्याळ लावून सोडवा. महागड्या किटची गरज नाही.

चाळणीतून सुटलेल्यांचे पुढचे चार दिवस. मानसशास्त्राच्या चाचण्यांत चित्रांवरून गोष्टी लिहायच्या, साठ शब्द पंधरा-पंधरा सेकंदांनी समोर येतात त्यांवर वाक्यं लिहायची, साठ प्रसंगांना तीस मिनिटांत उत्तरं द्यायची. मैदानावर जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, दोर, फळ्या आणि पिंपं देऊन गटाला अडथळे पार करायला लावतो. मुलाखत असते. शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांसमोरची कॉन्फरन्स.

नऊशे गुण कसे वाटले जातात याबद्दल बाजारात वाटेल ते ऐकू येतं. आयोगाच्या जाहिरातीत जे छापलेलं असतं ते असं: मुलाखत घेणारा, जीटीओ आणि मानसशास्त्रज्ञ हे तिघं स्वतंत्रपणे मुलाला जोखतात. त्यांच्या हाताखालच्या एकेका चाचणीला वेगळा भार नसतो, सगळ्या चाचण्यांतलं वागणं एकत्र बघून गुण देतात. कॉन्फरन्सलाही गुण असतात. आणि या सगळ्यांचा भार सारखा.

एवढं समजलं की बऱ्याच भीत्या गळून पडतात. 'माझे साठपैकी बेचाळीसच शब्द झाले' म्हणून रात्रभर जागण्यात अर्थ नाही, त्या बेचाळिसांचे सुटे गुण कुणी मोजत बसलेलं नसतं. तिघं जण तीन खिडक्यांतून एकच मुलगा बघतायत. तिघांना तीन वेगळी पोरं दिसली की पंचाईत होते. माझ्या ओसरीवर एकदा सराव घेतला तर तीन पोरांनी एका शब्दावर अक्षरशः एकच वाक्य लिहिलं, तेही इंग्रजीत, स्वल्पविरामासकट. फोनवर फिरणाऱ्या एकाच फाइलीतून पाठ केलेलं. मी काही बोललो नाही, तिन्ही कागद शेजारी ठेवले.

एसएसबीच्या शेवटी मुलाला 'रेकमेंडेड' किंवा 'नॉट रेकमेंडेड' एवढंच कळतं, आकडा नाही, कारणही नाही. इथे लेखीचा आकडा मदतीला येत नाही. लेखीत पाचशे असले तरी शिफारस नसेल तर नाव यादीत नाही. उलट लेखीत काठावर सुटलेला पहिल्याच फटक्यात शिफारस घेऊन येतो, असंही होतं. परत आलेल्या मुलाला "कुठे कमी पडलास?" असं विचारत बसू नका. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. वयात बसत असेल तोवर पुन्हा बसता येतं.

वैमानिक व्हायचं असेल तर

हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी आणखी एक अडसर आहे, सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं पूर्वीचं नाव असतं, पीएबीटी. विमानातल्या उपकरणांची चित्रं बघून विमान कोणत्या दिशेला, किती उंचीवर, कसं झुकलंय हे ओळखायचं, आणि यंत्रावर हात-पाय-डोळे यांचा मेळ दाखवायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होण्याचा दरवाजा कायमचा बंद, पुढे पदवीनंतर दुसऱ्या मार्गानं गेलात तरी. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा मात्र खुल्या राहतात.

म्हणून पसंतीक्रम भरतानाच मुलाशी बोला. 'बघू या, लागला तर लागला' म्हणून द्यायची ही परीक्षा नव्हे. फ्लाइंग खरंच हवं असेल तर कृत्रिम क्षितिज, उंचीमापक आणि होकायंत्र ही तीन उपकरणं वाचायचा सराव घरून करून जा.

यादीत नाव आलं, आता?

लेखी आणि एसएसबीची बेरीज करून गुणवत्ता यादी लागते. घरात पेढे येतात. येऊ द्या, पण त्याआधी क्रमांक बघा. एनडीएच्या जागा एका परीक्षेला ३७० च्या घरात: लष्कर २०८, नौदल ४२, हवाई दल १२०. शिवाय नौदल अकादमीच्या तीसेक. मिळून चारशेच्या आसपास. यादीत नावं मात्र अलीकडे सहाशेहून जास्त असतात. ही यादी लावताना वैद्यकीय तपासणीचा निकाल धरलेला नसतो. काही जण वैद्यकीयमध्ये गळतात, काही इंजिनिअरिंगला निघून जातात, आणि यादी खाली सरकते. किती सरकेल हे दर वेळी वेगळं.

म्हणजे यादीत शंभरावा आणि साडेसहाशेवा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभरावा आपल्या पसंतीच्या दलात जाईल, वैद्यकीय ठीक असेल तर. साडेसहाशेवा पत्राची वाट बघत बसेल, आणि पत्र आलंच नाही तर त्याला पोरांच्या भाषेत 'मेरिट आउट' म्हणतात. शिफारस मिळूनही हुकलेल्या मुलाचं दुःख मी जवळून बघितलंय. तेव्हा त्या वजाबाकीतले २९ गुण आठवतात. म्हणून शिफारस मिळाली तरी पुढच्या लेखीचा फॉर्म भरून ठेवायचा. शंभर रुपये फी आहे, आणि मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना तीही नाही.

पसंतीक्रमाबद्दल थोडं. दल वाटताना क्रमांक आणि पसंती दोन्ही बघतात. वरचा क्रमांक असूनही चुकीच्या क्रमानं पसंती भरली म्हणून नको त्या दलात गेलेले असतात. फॉर्म भरताना कॅफेवाल्या पोराला "काहीही टाक" म्हणू नका.

शेवटी हातात येणारा कागद

अंतिम निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत आयोग गुण संकेतस्थळावर टाकतो आणि ते तिथे तीस दिवस राहतात. जे लेखीत किंवा एसएसबीत अडले त्यांनाही आपले गुण तिथे बघता येतात, पण बहुतेक जण बघतच नाहीत. रागात किंवा कंटाळ्यानं. महिनाभरानं आठवण होते तेव्हा पान गेलेलं असतं.

ते पान उतरवून घ्या आणि परीक्षेच्या रात्रीच्या वहीशेजारी ठेवा. पहिलं बघायचं ते आपला अंदाज किती चुकला. वडूजच्या मुलानं ३२० धरले होते, आले ३०६. गणितात फरक फक्त तीनचा, अकराचा खड्डा जीएटीत. आम्ही पुस्तिका पुन्हा उघडली. भूगोलाची उत्तरं एकेक करून ॲटलासमध्ये बघितली. ज्या दोन नद्या त्याला 'शंभर टक्के' वाटत होत्या त्या उलट्या दिशेला वाहत होत्या. दुसरं बघायचं ते विषयवार अंतर. गणितात किमानाच्या वर तीस गुण असतील तर पुढचे तीन महिने गणितात घालवू नका, जिथे एका प्रश्नाला चार गुण आहेत तिथे जा. गणितात किमानाच्या वर दहाच असतील तर मात्र आधी तेच.

दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक जाता जाता: राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, सगळे तिला एसपीआय म्हणतात, छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी तिथे होते. प्रवेश परीक्षा दहावीतच द्यावी लागते, त्यामुळे अकरावीत जाग येऊन उपयोग नाही.

वडूजच्या मुलाची आई परवा पुन्हा फोनवर होती. सप्टेंबरची परीक्षा झाली होती. "सर, गणितात एकशे अठरा आणि जीएटीत दोनशे एकाहत्तर म्हणतोय. पंधरा-वीस इकडेतिकडे धरून." मी पेपर बघितला नव्हता, म्हणून म्हटलं, आधी पुस्तिका घेऊन त्याला इकडे पाठवा.